टाकीवर कोणाचं नाव? कस्टम बाईक बनवणाऱ्या नव्या मंडळींसाठी ट्रेडमार्क आणि लोगोची वाट

भोसरीत शेड मिळते, वेल्डिंग मशीन येतं, पहिली ऑर्डर हातात पडते. फ्रेम, सस्पेन्शन, सीटची उंची यावर रात्र रात्र चर्चा होते. टाकीवर काय लिहायचं हा विषय मात्र गाडी पेंटरकडे गेल्यावर निघतो, तोही फोनवर, पाच मिनिटांत. पुण्यात कस्टम बाईकचं काम करणारी बहुतेक नवी मुलं मला याच टप्प्यावर फोन करतात.

आमच्या छोट्या वर्कशॉपसाठी मी नाव शोधण्यापासून नोंदणीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंतची सगळी वाट चाललो आहे. मी वकील नाही. त्यामुळे पैसे अडकलेले असतील किंवा नोटीस आली असेल तर वकील गाठाच. पण वकिलाकडे जाण्याआधी तुमचं तुम्हाला बरंच कळू शकतं, आणि ते कळलेलं असलं की खर्च आणि मनस्ताप दोन्ही कमी होतात.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. टाकीवरचं नाव गिऱ्हाइकाला सांगतं की ही गाडी अशी आहे त्याची जबाबदारी कोणाची. पुढचे सगळे नियम याच प्रश्नाभोवती फिरतात.

१. गाडीवरच्या खुणांची यादी करा

काम हातात घेताना गाडीचे फोटो काढता तेव्हाच तिच्यावरच्या प्रत्येक नावाची आणि चिन्हाची यादी करा. टाकीचा मोनोग्राम, साईड पॅनलवरचं मॉडेलचं नाव, इंजिन केसवर ओतलेली अक्षरं, सीटवर शिवलेलं नाव, मडगार्डवरचं रेडियम, टाकीवर काढायचं चित्र, सगळं त्यात घ्या. मग प्रत्येकापुढे लिहा: हे कंपनीनेच लावलेलं आहे, आपण दुसऱ्या कोणाचं लावतोय, की आपलं स्वतःचं आहे? पहिल्या प्रकारात विचार करावा लागतो. दुसऱ्याला सरळ नाही म्हणायचं. तिसऱ्याची नोंदणी करायची.

२. मूळ कंपनीचा मोनोग्राम: ठेवायचा की काढायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ३० मध्ये दोन गोष्टी लागोपाठ आल्या आहेत. एकदा माल कंपनीने रीतसर विकला की तो पुढे कायदेशीरपणे विकत घेतलेल्याने त्याच नावासह पुन्हा विकला तर कंपनीला हरकत घेता येत नाही. म्हणून तर सेकंडहँड गाड्यांचा बाजार चालतो. पण लगेच पुढे अपवाद आहे: बाजारात आल्यानंतर मालाची अवस्था बदलली असेल किंवा बिघडवली असेल, तर कंपनी हरकत घेऊ शकते. कस्टम बाईकचा धंदाच मुळी अवस्था बदलण्याचा. फ्रेम कापली, स्विंगआर्म लांब केला, टाकी नव्याने ठोकली आणि वर रॉयल एन्फिल्डचा मोनोग्राम तसाच ठेवून गाडी विकायला काढली, तर घेणारा काय समजेल? कंपनीने अशीच बनवली, किंवा कंपनीला हे मान्य आहे. उद्या वेल्ड सुटला तर नाव कंपनीचं खराब होणार. कंपनीने हरकत घेतली तर मला ती रास्तच वाटते.

गिऱ्हाईक स्वतःची गाडी घेऊन आलं, तुम्ही रंग, सीट, हँडल एवढंच केलं आणि गाडी त्यालाच परत दिली, तर मोनोग्राम राहू द्यायला मला काही अडचण दिसत नाही. गाडी ओळखू न येण्याइतकी बदलली असेल, आणि विशेषतः तुम्ही ती स्वतः विकणार असाल, तर टाकीवरचा मोनोग्राम उतरवा आणि तिथे तुमचं नाव येऊ द्या.

इंजिन केसवर ओतलेलं नाव वेगळं. इंजिन त्या कंपनीचंच आहे, ते नाव खरं बोलतंय. ते घासून काढायचा हट्ट धरू नका, कारण या घासाघाशीत इंजिन नंबरला धक्का लागला तर प्रकरण ट्रेडमार्कपुरतं राहत नाही. इंजिन नंबर आणि चासी नंबर यांना ग्राइंडर लावायचाच नाही.

आरएक्स १०० किंवा जुनी राजदूत जशी होती तशी उभी करणं हे आणखी निराळं काम. त्यात मूळ नाव हवंच असतं. जुना मोनोग्राम जपून साफ करून वापरा, किंवा कंपनीचा अधिकृत सुटा भाग मिळत असेल तर तो घ्या. नाना पेठेत सगळ्या जुन्या गाड्यांचे मोनोग्राम मिळतात हे खरं, पण त्यातले किती कंपनीच्या परवानगीने बनलेले असतात हे दुकानदाराला विचारा, उत्तर ऐका आणि बिल मागा. बिल मिळत नसेल तर तो माल तुमच्या वर्कशॉपमध्ये साठवू नका.

‘कंपनीच बंद पडली, आता कोण विचारतंय’ हा समज मी फार ऐकतो. म्हैसूरची मोटरसायकल बनवणारी आयडियल जावा १९९६ मध्ये बंद झाली. तिच्या ‘येझदी’ या नावाच्या मालकीवरून कर्नाटक उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लढाई चालली. कारखान्याला कुलूप लागलं म्हणून नाव बेवारस होत नाही.

३. ‘हार्लेचं नाव टाकून द्या ना’

ही मागणी येणारच. बुलेटच्या इंजिनवर चॉपर बांधली की गिऱ्हाईक म्हणतं, टाकीवर हार्ले-डेव्हिडसनचा लोगो टाका. ‘गाडी माझी, हौस माझी, तुमचं काय जातं?’

जातं ते तुमचंच. ट्रेडमार्कचा भंग व्यापाराच्या ओघात झालेल्या वापरावर ठरतो. गिऱ्हाइकाने घरी बसून हौसेने स्टिकर लावणं आणि तुम्ही पैसे घेऊन, बिल फाडून, दुसऱ्याचं नोंदणीकृत चिन्ह टाकीवर रंगवणं यात फार अंतर आहे. तुमचा तो धंदा आहे. कलम १०३ नुसार खोटं ट्रेडमार्क लावण्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय खोटं चिन्ह बनवण्यासाठी ठेवलेला डाय, ठसा किंवा यंत्र जवळ बाळगणंही त्याच कलमात येतं. म्हणजे मोनोग्राम ओतायचा साचा शेडमध्ये पडून असला तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता. म्हणून असा साचा बनवूच नका.

‘अक्षरं थोडी बदलू, एक रेघ कमी करू’ यानेही सुटका नाही. ग्राहकाचा गोंधळ होईल इतकं सारखं असणंही भंगातच बसतं. आणि ‘ते मोटरसायकल बनवतात, मी फक्त टी-शर्ट विकतो’ हेही चालत नाही. भारतात नावाजलेल्या चिन्हाला कायदा वेगळ्या मालावरही संरक्षण देतो.

गिऱ्हाइकाला नाही म्हणताना मी त्याच्यापुढे कागद पेन्सिल ठेवतो आणि त्याच्या गाडीसाठी स्वतंत्र नाव सुचवतो. त्याच्या गावचं, आजोबांच्या टोपणनावाचं, काहीही. बहुतेक जण दहा मिनिटांत हार्ले विसरतात. जो विसरत नाही त्याची ऑर्डर सोडून द्या. सुरुवातीला एक ऑर्डर सोडणं किती जड जातं हे मला माहीत आहे, तरीही सोडा.

४. टाकीवरची चित्रं आणि आदराची चिन्हं

सुपरहिरो, कार्टून, सिनेमातला चेहरा यांवर लेखाधिकार (कॉपीराइट) असतो. पेंटरने हाताने काढलं म्हणून ते त्याचं होत नाही. इंटरनेटवरून उतरवलेली कवटी किंवा वाघाचं तोंडसुद्धा कोणाचं तरी रेखाटन असतं. टाकीवर चित्र हवंच असेल तर चित्रकाराला नवं काढायला सांगा आणि त्याला त्याचे पैसे द्या. आपल्या शहरात उत्तम हात असलेली मुलं-मुली भरपूर आहेत.

आता पुण्यात हमखास येणारी गोष्ट. वर्कशॉपला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव द्यावं, लोगोत महाराजांची प्रतिमा असावी असं अनेकांना मनापासून वाटतं. भावना खरी असते. पण बोधचिन्हे व नावे यांचा अनुचित वापर रोखणारा १९५० चा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आणि प्रतिमा स्पष्टपणे लिहिलेली आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून ते वापरता येत नाही, आणि ट्रेडमार्क कार्यालयही असा अर्ज नाकारू शकतं. अशोकस्तंभ आणि राष्ट्रध्वजही त्याच यादीत. वर्कशॉपमध्ये महाराजांचा फोटो लावा, रोज हार घाला. लोगोत आणू नका. लोगोत देवदेवतांची चित्रंही टाळा. धार्मिक भावना दुखावू शकेल असं चिन्ह नोंदलं जात नाही, आणि देवाचं चित्र चिखलात जाणाऱ्या मडगार्डवर असावं असं मलाही वाटत नाही.

५. स्वतःचं नाव निवडा

‘पुणे कस्टम बाईक्स’ हे नाव पाटीवर छान दिसतं, पण ते फक्त गाव आणि धंदा सांगतं. अशा वर्णनात्मक नावाला कलम ९ खाली हरकत ठरलेली. दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलचं नाव तुमच्या दुकानाच्या नावात घुसवणं तर आणखी वाईट. नाव असं हवं की मोटरसायकलशी त्याचा आधी काही संबंध नव्हता, आणि तुमच्यामुळे तो जोडला जाईल.

शॉप अ‍ॅक्टचा दाखला मिळाला, जीएसटी क्रमांकावर नाव आलं, इन्स्टाग्रामवर हँडल मिळालं, म्हणजे नाव आपलं झालं असं समजू नका. यातल्या कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. तुमच्या नावाची बिलं, जाहिराती, तारखेसकट फोटो मात्र जपा, कारण नोंदणी नसतानाही आधीपासूनचा वापर सिद्ध करायला तेच कामी येतात.

६. लोगो काढून घेताना एक कागद करा

याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. ओळखीच्या डिझायनरने लोगो काढला, तुम्ही यूपीआयवर पैसे पाठवले, विषय संपला असं वाटतं. पण बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोच्या लेखाधिकाराचा पहिला मालक साधारणपणे तो डिझायनरच असतो. हक्क तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. आणि त्या करारात मुदत लिहिली नाही तर लेखाधिकार कायदा ती पाच वर्षंच धरतो. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलं नाही तर फक्त भारत. म्हणून करारात ‘लेखाधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ असे शब्द हवेत. एका पानाचं काम आहे. डिझायनरशी मैत्री आहे तोवरच करून घ्या.

दोन मित्र भागीदारीत असतील तर नाव कोणाच्या मालकीचं आणि वेगळे झालात तर ते कोणाकडे राहणार, हेही भागीदारी करारात लिहा.

७. शोध घ्या

आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. तिथे शब्दाने, उच्चाराने आणि व्हिएन्ना कोडने, म्हणजे चित्रातल्या आकारांना दिलेल्या क्रमांकाने, शोधता येतं. नोंदणी माल आणि सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार होते: वर्ग १२ म्हणजे वाहनं आणि त्यांचे भाग, वर्ग ३७ दुरुस्ती, वर्ग २५ कपडे. निदान या तिन्हीत बघा. नावाची जितकी स्पेलिंग सुचतील तितकी टाका, कारण कानाला सारखं वाटणारं नावही आडवं येतं. सापडलेल्या अर्जाची स्थिती काय आहे तेही उघडून वाचा.

हे झाल्याशिवाय टी-शर्ट छापू नका, पाटी रंगवू नका.

८. अर्ज

अर्ज ऑनलाइन होतो, नमुना टीएम-ए. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण तिथे जावं लागत नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. एकट्याची मालकी असेल तर व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. भागीदारी किंवा कंपनी असेल तर सवलतीसाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आधी करून घ्या.

हाताशी ठेवा:

- अर्जदाराचं पॅन, आधार आणि पत्त्याचा पुरावा
- भागीदारी असेल तर करार, कंपनी असेल तर तिचा नोंदणी दाखला
- सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र
- लोगोची स्वच्छ प्रतिमा
- आधीपासून वापर असेल तर शपथपत्र, सोबत तारखेची बिलं आणि फोटो
- वकील किंवा एजंटमार्फत करत असाल तर टीएम-४८ हे अधिकारपत्र
- डिझायनरसोबतचा करार (अर्जाला जोडायचा नसला तरी फाइलमध्ये हवा)

पैसे कमी असतील तर आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा, लोगोचा नंतर. शब्द नोंदलेला असला की अक्षरांची शैली पुढे बदलली तरी तो उपयोगी पडतो. लोगो काळ्या-पांढऱ्यात दिला, रंगाची मर्यादा घातली नाही, तर तो सगळ्या रंगांसाठी धरला जातो. टाकीचा रंग गाडीगणिक बदलणाऱ्या आपल्या धंद्यात हे फार सोयीचं आहे. वर्ग १२ आणि ३७ पासून सुरुवात करा.

वापराची तारीख वाढवून मागची लिहू नका. ते शपथेवर असतं, आणि पुढे कोणी आव्हान दिलं तर पहिल्यांदा तेच तपासलं जातं. एजंटने अर्ज भरला की अर्जाची प्रत आणि क्रमांक लगेच मागा, आणि अर्जदार म्हणून तुमचंच नाव आहे ना हे स्वतः वाचा.

९. अर्जानंतर

अर्ज केल्या दिवसापासून नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं हा कायद्याचा भंग आहे. लोगोच्या कोपऱ्यात डिझायनरने शोभेसाठी तो टाकलेला असतो, तो पुसायला लावा.

परीक्षण अहवाल येतो. त्यात हरकत असेल तर घाबरू नका, पण ३० दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. ईमेलचा स्पॅम फोल्डर बघत राहा आणि संकेतस्थळावर अर्जाची स्थितीही तपासा. मान्य झालं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, आणि तिथून चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतं. विरोध नसेल तर प्रमाणपत्र. ते अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतं.

१०. बिल, जाहिरात आणि आरटीओ

तुमच्या सुट्या भागांवर मूळ कंपनीचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर सीट कोणत्या गाडीची हे कळणार कसं? कायदा त्याला जागा देतो. ‘रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० साठी, निर्माता: तुमचं नाव’ असं साध्या अक्षरात लिहा. कंपनीचा लोगो, तिची अक्षरशैली, ‘जेन्युइन’ हा शब्द, यातलं काही नको. टोयोटाने सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीवर केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हाच फरक केला होता: गाडी ओळखण्यापुरतं नाव चालेल, कंपनीच्या शैलीत नाही.

पूर्ण गाडीच्या बिलावर आम्ही लिहितो: ‘मूळ गाडी अमुक कंपनीची. बदल आमच्या वर्कशॉपचे. या बदलांशी मूळ कंपनीचा संबंध नाही.’ रीलच्या खालीही हेच.

टाकीवर तुमचं नाव आलं तरी आरसीवर मूळ कंपनीचंच नाव राहतं, ते बदलायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तर एमएच-१२ साठी संगम पुलाजवळच्या, एमएच-१४ साठी मोशीच्या आरटीओत नोंद करून घ्या. नंबर प्लेटवर तुमचा लोगो नको, तिथे फक्त नियमाची प्लेट.

११. नोटीस आली तर

रागाने उत्तर देऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. ज्या गाडीबद्दल नोटीस आहे तिचे फोटो, बिल, जॉबकार्ड बाजूला काढा. वादातली पोस्ट आधी जशी आहे तशी साठवून घ्या आणि मग खाली उतरवा. कंपनीच्या माणसाशी फोनवर ‘हो, चुकलं’ किंवा ‘करा काय करायचं ते’ असलं काहीही बोलू नका. कंपनीला तिचं कामकाज जिथे चालतं तिथल्या न्यायालयातही दावा लावता येतो. म्हणजे चेन्नई किंवा दिल्लीच्या फेऱ्या तुमच्या नशिबी येऊ शकतात, हे डोक्यात ठेवून नोटिशीतली मुदत संपायच्या आत ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. जाताना पहिल्या पायरीत केलेली खुणांची यादी आणि काम सुरू होण्याआधीचे फोटो न्या. कोणती खूण गाडीवर आधीपासून होती आणि कोणती तुम्ही लावली, हे वकील सगळ्यात आधी विचारेल.